माजघराचा पैस

दसऱ्याचे सोने वाटून झाले की घराघरांतून एकच वाक्य ऐकू येऊ लागते : "यंदा दिवाळीपूर्वी ही खोली एकदा आवरायची म्हणजे आवरायची!" ही खोली कोणती, हे सांगण्याची गरज नसते. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ती बाहेरची खोली असते, ब्लॉकमध्ये तिला हॉल म्हणतात आणि गावाकडच्या जुन्या घरात तेच माजघर. नाव कोणतेही असो, नशीब एकच! सकाळी तिच्यात अंथरुणे गोळा करायची, दुपारी धान्य निवडायचे, संध्याकाळी मुलांचा अभ्यास, रात्री टीव्हीपुढे पंगत. पाहुणा आला की तिचा दिवाणखाना आणि घरात कोणी आजारी पडले की तिचाच दवाखाना. एवढी सोंगे एका खोलीने वठवायची, आणि वर्षाकाठी तिच्या वाट्याला यायचे काय, तर जळमटे काढण्याचा एक रविवार!

त्या रविवारी काय होते, हेही सर्वांच्या परिचयाचे आहे. सारे सामान अंगणात किंवा गॅलरीत निघते. दोन मण धूळ झटकली जाते, रद्दीवाल्याला दोन गठ्ठे जातात, "हे असू दे, कधीतरी लागेल" असे म्हणत उरलेले सारे दिवेलागणीपर्यंत जागच्या जागी परत येते. तुळशीचे लग्न लागते न लागते तोच खोली पुन्हा पहिल्यासारखी! याचे कारण घरातल्या माणसांचा आळस नव्हे. झाडणे हे एक काम आणि खोलीची आखणी करणे हे दुसरे. पहिले आपण मनापासून करतो. दुसरे बहुधा करीतच नाही. या लेखात विचार करावयाचा आहे तो या दुसऱ्या कामाचा.

नेवाशाचे पुरातन घर

उदाहरणासाठी आपण अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील नेवाशाला जाऊ. हेच गाव निवडण्याला कारण आहे. एका खोलीत सारा संसार थाटण्याची परंपरा तिथे फार जुनी असल्याचा पुरावा जमिनीतून निघालेला आहे. प्रवरेकाठच्या लाडमोड टेकाडाचे उत्खनन १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली केले आणि त्याचा अहवाल १९६० साली प्रसिद्ध झाला. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, ताम्रपाषाण युगात, तिथे कुडामातीची लहान घरे होती. चुना-मातीने चोपलेली जमीन, चूल, धान्याचे मोठाले रांजण, दगडी पाटे, रंगवलेली मडकी असा त्यांचा थाट होता. तेवढ्याच जागेत निजणे, रांधणे आणि साठवणे चाले.

इतकेच नव्हे, तर तान्हे मूल दगावले तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत त्याला ठेवीत आणि घराच्याच जमिनीखाली पुरीत. अशा एका दफनात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली आणि तिच्या धाग्यात कापूस व रेशीम आढळले. ही गोष्ट वाचली म्हणजे क्षणभर हातातला झाडू थांबतो. घर म्हणजे सामान ठेवण्याचे कोठार नव्हे. ज्याच्यापासून दूर व्हायचे नाही, तेही माणूस घरातच ठेवीत आला आहे. अडगळ काढावयाला निघालेल्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवलेले बरे.

नेवाशाची दुसरी ओळख अवघ्या महाराष्ट्राला आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानदेवांनी इथे एका खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, असे परंपरा सांगते. तो दगडी खांब आजही उभा आहे आणि त्यावर करवीरेश्वराच्या देवळातील दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या देणगीचा लेख कोरलेला आहे. भोवतालचे जुने देऊळ गेले. खांब तेवढा राहिला. लोक त्याला 'पैसाचा खांब' म्हणतात. हा पैस म्हणजे नाणे नव्हे. पैस म्हणजे विस्तार, ऐसपैस मोकळी जागा. दुर्गाबाई भागवतांनी १९७० साली आपल्या लेखसंग्रहाला हेच नाव दिले. आपल्या माजघरात नेमका हाच पैस कमी पडला आहे, आणि गंमत अशी की तो विकत घ्यावा लागत नाही, शोधावा लागतो.

खण, खुंटी आणि वळकटी

आपल्या जुन्या घरांना हा शोध चांगला ठाऊक होता. नगरकडच्या माळवदाच्या घरांत खोली फुटांनी मोजीत नसत. दोन खांबांमधली जागा तो एक खण, असा हिशोब असे. भिंती हात-दीड हात जाड, आणि त्या जाडीतच कोनाडे, दिवळ्या व फडताळे बसवलेली. त्यामुळे सामान भिंतीत शिरे आणि जमीन मोकळी राही. कपडे दांडीवर, पागोटे खुंटीवर, दूधदुभते शिंक्यावर, धान्य कणगीत, आणि अंथरुणाची वळकटी सकाळी उठल्याबरोबर कोपऱ्यात उभी. दिवसा त्या खोलीत कोणी निजत होते, याची खूण राहत नसे.

जपानी घरांतही हीच युक्ती आहे. रात्रीच्या गाद्या सकाळी घड्या घालून भिंतीतल्या खोल कपाटात ठेवायच्या की तीच खोली दिवसा बैठकीची. मग आपले कोठे बिघडले? आपण खाट आणली, सोफा आणला, लोखंडी कपाट आणले. (गोदरेजची लोखंडी कपाटे बाजारात आली ती १९२३ पासून, पुढे ती मुलीच्या लग्नातला मानाचा पाहुणाच होऊन बसली.) यांतली एकही वस्तू वाईट नाही. परंतु प्रत्येकीने जमिनीवर कायमचे ठाण मांडले आणि भिंती मात्र कॅलेंडरांपुरत्या राहिल्या.

आधी घड्याळ, मग फूटपट्टी

आता नेवाशातले एक घर कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. ते अमक्यातमक्याचे नव्हे; पण वाचकांपैकी अनेकांना ते आपलेच वाटेल. माणसे सहा : आजी, हायस्कुलात शिक्षक असलेला मुलगा, घरी शिवणकाम करणारी सून, दहावीतली नात, पाचवीतला नातू आणि शेती पाहणारा धाकटा दीर. माजघर दहा फूट बाय चौदा, म्हणजे १४० चौरस फूट. हे लहान वाटत असेल तर मुंबईच्या बी. डी. डी. चाळी आठवाव्या, १९२० च्या दशकात बांधलेल्या त्या चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची, आणि तिच्यात स्वयंपाकासकट सगळा संसार!

या घराने पहिले काम करावे ते वही-पेन्सिल घेण्याचे. आठवडाभर काहीएक न हलवता केवळ टिपण ठेवावे : सकाळी सहाला खोलीत कोण असते, काय करते, कोणाची कोणाला अडचण होते? अशी वही ठेवली की मोठ्या गमतीच्या गोष्टी उघडकीस येतात. सर्वांना वाटत असते की जागा कमी आहे. वही सांगते की जागा कमी आहे ती फक्त संध्याकाळी सहा ते नऊ. त्या तीन तासांत नातीचा अभ्यास, नातवाचे कार्टून, सुनेचे ब्लाउज आणि दिराकडे आलेले मित्र अशी सारी मंडळी एकाच दिव्याखाली येतात. आणि या सगळ्यांत आजी? तिच्या खाटेवर पाहुणे बसतात म्हणून ती बिचारी पाठ टेकायची वाट पाहत भिंतीशी बसून असते. वहीतली ही एक ओळ वाचली की खोली कोणासाठी आवरावयाची, हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरे काम फूटपट्टीचे. चौकटीच्या कागदावर एक चौकट म्हणजे एक फूट असे धरून खोली काढावी. दारे आणि खिडक्या दाखवाव्या. सामानाच्या मापाचे पुठ्ठ्याचे तुकडे कापावे. हे काम नातवाकडे द्यावे. त्याचे भूमिती शिकणेही होईल आणि पुढे खोली आवरताना "माझा नकाशा" म्हणून तो पहारा करील.

आपल्या घराचा हिशोब असा निघतो. आजीची खाट २४ चौरस फूट, दिवाण १५, दोन कपाटे मिळून ९, अभ्यासाचे टेबल ८, शिलाईचे यंत्र साडेचार, टीव्हीचे टेबल ६, धान्याच्या दोन कोठ्या ८ आणि गाद्यांचा ढीग ज्या ट्रंकेवर असतो ती ६. एकूण साडेऐंशी! उरले साडेएकोणसाठ. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत अडीच फुटांची वाट सोडली तर आणखी ३५ गेले. राहिले साडेचोवीस चौरस फूट, म्हणजे माणशी जेमतेम चार. एका चौरंगाएवढी जागा! घरात चिडचिड का होते, याचे उत्तर कधी कधी स्वभावात नसून या बेरजेत असते.

मोजण्याचे महत्त्व परदेशातही अशाच अडचणीतून पटले. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची टंचाई होती. तेव्हा मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या स्थापत्यकार बाईंनी १९२६ साली फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघराचा आराखडा केला. आगगाडीच्या भोजनडब्यात इवल्याशा जागेत इतका स्वयंपाक कसा होतो, याचा अभ्यास करून त्यांनी बाईची पावले मोजली आणि मग फळ्या व कपाटे लावली. आधी माणसाची हालचाल, मग सामान! आपण नेमके उलटे करतो.

अडगळ कोणाची?

आता खरा नाजूक प्रश्न. काढावयाचे काय?

मारी कोंडो या जपानी बाईंचे आवराआवरीवरचे पुस्तक २०११ साली निघाले आणि जगभर गाजले. खोलीवार न आवरता वस्तूंच्या जातीवार आवरावे, सारे कपडे एकदम, सारी पुस्तके एकदम, आणि प्रत्येक वस्तू हातात घेऊन ती आपल्याला आनंद देते का हे पाहावे, असे त्या सांगतात. यातली पहिली सूचना आपण डोळे मिटून उचलावी. साऱ्या घरातल्या पिशव्या एका ठिकाणी ओतल्या म्हणजे त्या दहा नसून सत्तर आहेत हे कळते, आणि मग कोणी काही सांगावे लागत नाही. दुसरी सूचना मात्र आपल्या घरात जराशी अडखळते. कारण आनंद कोणाचा? आपल्याकडे पितळी घंगाळ सासूचे, त्यात ठेवलेली लोकर सुनेची आणि त्याखालची क्रिकेटची बॅट नातवाची असते.

म्हणून एक नियम आधी घरातल्या सर्वांनी मान्य करावा : ज्याची वस्तू, त्याचा निर्णय; आणि धनी घरात नसताना त्याची वस्तू दाराबाहेर जाता कामा नये. मुलांना शाळेत पाठवून त्यांची खेळणी देऊन टाकणे आणि आजी देवळात गेली की तिचे गाठोडे बोहारणीला देणे, ही दोन्ही कामे झटपट होतात खरी, पण त्यांतून जो अविश्वास उरतो तो कोणत्याही कपाटात मावत नाही. म्हातारपणी माणसाची सत्ता एकेका खोलीतून कमी होत शेवटी एका ट्रंकेपुरती उरते. त्या ट्रंकेला हात लावताना सुनेने जवळ बसून म्हणावे, "आई, यातले काय काय ठेवायचे, ते तुम्हीच सांगा." पुष्कळदा अनुभव असा, की एवढे विचारले म्हणजे आजी आपण होऊन अर्धी ट्रंक रिकामी करते. तिला वस्तू ठेवावयाच्या नसतात; विचारले जावयाचे असते. जुनी लुगडी गोधडीला जातात, नातीच्या लग्नासाठी जपलेली वाटी नातीच्या हाती पडते, आणि आजोबांचा चष्मा, पोथी व एक फोटो एवढे मात्र कोनाड्यात सन्मानाने राहते.

बाकीच्या वस्तूंचे चार वाटे करावे. रोज लागणाऱ्या; वर्षातून एकदा लागणाऱ्या, जसे गौरींचे मुखवटे, मखर, फराळाचे झारे आणि सोऱ्या; आठवणीच्या; आणि "कधीतरी लागेल"च्या. या चौथ्या वाट्याला एक खोके द्यावे, त्यावर तारीख घालावी आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत ते उघडावे लागले नाही तर निरोप द्यावा. याच नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. तिथल्या घरांना परंपरेने दारे-कुलपे नसत आणि २०११ साली तिथे उघडलेली बँकेची शाखासुद्धा बिनकुलपाची म्हणून गाजली. आपण मात्र बंद पडलेल्या मिक्सरचे भांडेही कुलपात ठेवतो!

माजघरात जे नकोच

काही वस्तूंबद्दल मात्र मतदान घेऊ नये. पहिली म्हणजे शेतीची विषारी औषधे. ऊस आणि कांदा पिकवणाऱ्या या पट्ट्यात फवारणीच्या बाटल्या माळ्यावर किंवा कपाटामागे ठेवलेल्या आढळतात. त्यांची जागा राहत्या घरात नाही. बाहेरच्या खोलीत, कुलूपबंद, मूळ बाटलीतच त्या असाव्या. पाण्याच्या वा सरबताच्या बाटलीत त्या कधीही ओतू नयेत. दुसरी म्हणजे मुदत संपलेली घरगुती औषधे. तिसरी, वाटेत लोंबणाऱ्या किंवा सतरंजीखालून नेलेल्या विजेच्या आणि चार्जरच्या तारा. चौथी, वाटेत दुमडलेली सतरंजी. रात्री उठणाऱ्या वृद्ध माणसाला खाटेपासून मोरीपर्यंत मोकळी वाट आणि हाताशी दिव्याचे बटण असणे, ही शोभेची बाब नव्हे. पडून खुब्याचे हाड मोडले तर पुढचे सारे आयुष्य बदलते.

कागदपत्रांसाठी एकच पत्र्याचा डबा करावा. सातबाराचे उतारे, कारखान्याच्या ऊसबिलाच्या पावत्या, शिधापत्रिका, आधार, शाळेचे दाखले, दवाखान्याची कागदपत्रे यांना निरनिराळी पाकिटे, आणि झाकणाच्या आत यादी. तो डबा कोठे आहे, हे घरातल्या निदान दोघांना ठाऊक पाहिजे.

सतरा दिवसांचे वेळापत्रक

विजयादशमीपासून वसुबारसेपर्यंत तिथी मोजल्या तर सतरा होतात. त्यांची वाटणी अशी करता येईल. कोजागिरीपर्यंतचे पाच दिवस वही आणि नकाशा. वस्तूला हात लावावयाचा नाही. पुढचे सात दिवस रोज एकच जात : एक दिवस कपडे, एक दिवस वह्या-पुस्तके, एक दिवस भांडी, याप्रमाणे, आणि तेही रोज दोन तासांपेक्षा अधिक नाही. आश्विनातले ऊन कडक असते, त्याचा फायदा घेऊन गाद्या, गोधड्या आणि धान्य याच दिवसांत वाळवावे. त्यानंतर दोन दिवस चुन्याचा किंवा रंगाचा हात. राहिलेले तीन दिवस नव्या नकाशाप्रमाणे मांडणीचे. फराळाच्या घाणीशी या कामाची गाठ पडू देऊ नये. नाहीतर चकली बिघडते आणि खोलीही.

आपल्या घराने नकाशावर पुठ्ठे हलवून काय ठरवले ते पाहू. धान्याच्या कोठ्या स्वयंपाकघरामागच्या पडवीत गेल्या. टीव्ही भिंतीवर गेला आणि त्याचे टेबल निघाले. दिवाणाच्या पोटातल्या जुन्या वर्तमानपत्रांना रजा मिळाली, तिथे गाद्या गेल्या आणि रिकामी झालेली ट्रंक माळ्यावर चढली. दोन कपाटांपैकी एक आतल्या खोलीत सरकले. बेरीज करा : आठ, सहा, सहा आणि साडेचार, म्हणजे साडेचोवीस. मोकळी जागा बरोबर दुप्पट झाली, आणि सुताराला फक्त भिंतीवरच्या दोन फळ्या व खुंट्यांची एक पट्टी एवढेच काम पडले.

पण जागेपेक्षा महत्त्वाची ठरली ती वेळेची वाटणी. सहा ते आठ टीव्ही बंद, टेबल नातीचे. पाहुण्यांनी दिवाणावर बसावयाचे. आजीची खाट खिडकीशी, आणि तिच्यावर तिच्या परवानगीवाचून कोणी बसावयाचे नाही. मोबाइलांना रात्री एकच फळी. आणि सुनेला, जिने साऱ्या घराच्या वस्तूंना जागा शोधून दिली तिला, शिलाईच्या यंत्रावरचे एक फडताळ पूर्णपणे तिचे. त्यात मापांची वही, दोन पुस्तके, तिच्या कमाईचा डबा. पुष्कळ घरांचे नकाशे तपासले तर सर्वांसाठी काही ना काही निघते. घर आवरणारीच्या नावावर मात्र एक खुंटीसुद्धा नसते. यंदा तेवढी चूक दुरुस्त करून घ्यावी.

आणि नंतर?

मांडणी टिकवण्याचे नियम थोडकेच असावेत. जड वस्तू खाली, रोजच्या वस्तू गुडघ्यापासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीवर, वर्षाच्या वस्तू माळ्यावर. माळ्यावरच्या प्रत्येक खोक्यावर ठळक अक्षरांत आत काय आहे ते लिहावे. नवीन एक आले तर जुने एक जावे. दाराजवळ एक टोपली ठेवावी. दिवसभर इकडेतिकडे सांडलेले सारे तिच्यात पडावे आणि रात्री जेवणानंतर ज्याने त्याने आपले उचलावे. दहा मिनिटांचे हे काम एकट्या गृहिणीचे नव्हे; सहा माणसांच्या घरात बारा हात असतात.

लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीचीही पूजा करतो. तिला हळदकुंकू वाहताना यंदा खोलीभर एकदा नजर फिरवावी. पाहुणे दिवाणावर बसले आहेत, नातू सतरंजीवर पाय पसरून किल्ल्याच्या मावळ्यांची मोजदाद करतो आहे, आणि आजी आपल्या खाटेवर स्वस्थ पडून साऱ्यांची बोलणी ऐकते आहे, असे दिसले तर सतरा दिवसांची मेहनत कामी आली असे समजावे. नसेल दिसत, तर वही जपून ठेवावी. दिवाळी झाल्यावरही संध्याकाळी सहा वाजतातच. त्या वेळी पुन्हा एकदा टिपण करून पाहावे.